पाच हजार पाट्या, एक चेंडू: लास व्हेगास, १९९१

१९९१ च्या उन्हाळ्यात संगणक-चित्रण क्षेत्राची वार्षिक परिषद, सिग्राफ, अमेरिकेत लास व्हेगासला भरली होती. तिथल्या एका अंधाऱ्या सभागृहात जवळजवळ ५,००० माणसं बसली होती आणि प्रत्येकाकडे पुठ्ठ्याची एक छोटी पाटी होती. एक बाजू लाल, दुसरी हिरवी. तार नाही, बॅटरी नाही, बटण नाही. एवढ्या सामग्रीवर त्या जमावाने एक व्हिडिओ गेम खेळला, पडद्यावर आकडे काढून दाखवले आणि शेवटी एक विमान उडवलं. परिषदेत प्रेक्षक गुंतवून ठेवण्यासाठी आज जी साधनं विकली जातात, त्यांतलं बरंचसं या प्रयोगात कच्च्या रूपात होतं. आज जे हमखास फसतं, त्याचीही झलक तिथे दिसली होती.

मांडणी

प्रयोग लॉरेन कार्पेंटर यांचा. मूळचे बोइंगमधले. १९८० साली याच परिषदेत त्यांनी फ्रॅक्टल गणितातून (एकच आकार लहान-मोठ्या मापांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृत्यांचं गणित) घडवलेल्या पर्वतांवरून उडत जाणारी दोन मिनिटांची चित्रफीत दाखवली आणि त्या जोरावर लुकासफिल्मच्या संगणक विभागात त्यांना जागा मिळाली. पुढे ते पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. चित्रपटांतली संगणकी दृश्यं साकारणाऱ्या रेंडरमॅन या प्रणालीसाठी २००१ साली मिळालेल्या ऑस्करचे ते एक मानकरी. म्हणजे ५,००० जणांकडे इलेक्ट्रॉनिक यंत्र देणं सुचलं नसतं असा हा माणूस नव्हता. त्यांनी ते टाळलं, आणि सगळ्या मांडणीचं मर्म त्यातच आहे.

सभागृहावर एक व्हिडिओ कॅमेरा रोखलेला होता. पाट्यांवर परतपरावर्तक पट्टी होती, म्हणजे प्रकाश जिथून येतो त्याच दिशेला परत पाठवणारी. महामार्गावरचा दिशाफलक गाडीच्या दिव्यात एकदम उजळतो, तोच प्रकार. अशा पट्टीला दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारीच लावावा लागतो, कारण परतलेला प्रकाश फक्त तिथेच पोहोचतो. फायदा असा की सभागृह अंधारं राहिलं तरी कॅमेऱ्याला प्रत्येक पाटी ठसठशीत ठिपक्यासारखी दिसते, आणि शेजारच्याच्या डोळ्यांवर काहीच येत नाही. संगणक कॅमेऱ्याच्या चित्रातले लाल आणि हिरवे ठिपके शोधायचा, कुठला कुठे आहे ते बघायचा आणि मोजायचा. समोरच्या प्रचंड पडद्यावर सभागृहाचा नकाशा आणि त्यात हे ठिपके.

हे कितपत जमण्यासारखं होतं, याचा अंदाज बांधता येतो. त्या काळच्या अमेरिकन व्हिडिओ मानकात दिसणाऱ्या रेषा सुमारे ४८०. संगणकात घेतल्यावर ६४० गुणिले ४८० म्हणजे तीन लाखांच्या वर चित्रबिंदू. ५,००० जणांत वाटले तर माणशी साठेक बिंदू येतात, म्हणजे साधारण आठ बाय आठचा चौकोन. तिरप्या कोनामुळे लांबच्या रांगांच्या वाट्याला त्याहून बरेच कमी. चेहरा ओळखायला हे काहीच नाही, पण चमकणारा ठिपका लाल की हिरवा एवढं कळायला पुरेसं आहे. प्रत्येक माणसाकडून मागितलेली माहिती एकच बिट, म्हणजे लाल की हिरवा एवढीच होती, म्हणूनच ५,००० माणसं एका कॅमेऱ्यात मावली.

काय घडलं

पहिला खेळ पाँग. अटारीने १९७२ साली आणलेला, दोन बॅट आणि एक चेंडू एवढाच. सूचना दोन वाक्यांची: डावीकडे बसलेल्यांनी डावी बॅट चालवायची, उजवीकडच्यांनी उजवी. आपण डावीकडचे आहोत असं वाटत असेल तर तुम्ही डावीकडचेच. मधल्या रांगांतल्यांची चुळबुळ या एका वाक्याने मिटली. सूत्रसंचालन करणाऱ्यांनी ते घोटून ठेवावं, कारण दोन गट पाडताना वेळ खातात ते नेहमी सीमेवरचे लोक.

बॅट कुठे जायची हे त्या बाजूच्या लाल आणि हिरव्या पाट्यांच्या प्रमाणावरून ठरत होतं. कुणी कुणाशी बोललं नाही, कुणाला नायक नेमलं नाही, तरी खेळ सुरू झाला आणि बरा चालला. कार्पेंटरनी चेंडूचा वेग वाढवला. आरडाओरडा झाला आणि एकदोन सेकंदांत जमाव नव्या वेगाला सरावला.

मग नकाशावर एक मोठं वर्तुळ आलं आणि त्यात हिरवा ५ काढा असं सांगण्यात आलं. वर्तुळातल्या माणसांनी आपण आकड्याच्या रेषेत बसतो की बाहेर, हे पडद्यावर बघून पाटी फिरवायची. आधी नुसता गोंधळ, मग पुसट आकडा, मग कडा स्पष्ट. पुढचे आकडे भराभर जमले.

शेवटी विमान. डाव्या बाजूकडे विमान कुशीवर वळवणं, उजवीकडे नाक वर-खाली करणं. इथे सभागृह आधी चिडीचूप झालं आणि मग आरोळ्या सुरू झाल्या. विमान उतरवायची वेळ आली तेव्हा ते धावपट्टीसमोर हेलकावत राहिलं, डावीकडे जास्त झालं म्हणून उजवीकडे, मग तिकडेही जास्त. ऐन वेळी उतरणं रद्द करून जमावाने नाक वर खेचलं आणि विमान पुन्हा फिरवून आणलं. फिरवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, कुठल्या बाजूने हेही नाही. नंतर त्याच जमावाने विमानाला कुशीवरून पूर्ण ३६० अंशांची गिरकी दिली.

पाँग सुरळीत, विमान डळमळीत: असं का

सगळ्यात उपयोगी धडा या फरकात आहे, आणि तो अनेकदा «सामूहिक बुद्धिमत्ता» वगैरे मोठ्या शब्दांखाली दबून जातो.

पाँगमध्ये पाट्यांचं प्रमाण आणि बॅटची जागा यांचा थेट संबंध आहे. निम्म्या पाट्या हिरव्या, तर बॅट मधोमध. सत्तर टक्के हिरव्या, तर त्या मानाने सरकलेली. चूक झाली तर पाटी फिरवली की चूक पुसली जाते, मागचं काही साचत नाही. शिवाय सरासरीची क्षमाशीलता आहे: एका बाजूच्या २,५०० पैकी २५ जण पेंगत असले किंवा उलटं करत असले तरी तो फक्त एक टक्का. बॅट हलल्याचं जाणवणारसुद्धा नाही.

विमानात तसं नाही. पाटी विमानाची जागा ठरवत नाही, वळण्याचा कल ठरवते. कलावरून दिशा बदलते, दिशेवरून जागा. आत्ताच्या कृतीचा परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद जातात आणि तोवर कृती साचत राहते. परिणाम दिसत नाही म्हणून प्रत्येक जण आणखी जोर लावतो. दिसायला लागतो तेव्हा तो गरजेपेक्षा जास्त झालेला असतो आणि सगळे एकदम उलट जातात. उशीर आणि साचणं एकत्र आलं की हेलकावे येणारच. नियंत्रण-अभियांत्रिकीत हे अगदी सुरुवातीला शिकवतात. माणसं हुशार होती म्हणून ते टळलं नाही.

परिषदेच्या भाषेत: प्रेक्षकाचं उत्तर लगेच दिसतं आणि पुढच्या प्रश्नाला पाटी कोरी होते, असे प्रकार चालतात. ज्यात मतं साचत जातात, ते डळमळतात. प्रश्नोत्तरांच्या ॲपमधली «आवडलेला प्रश्न वर» ही सोय दुसऱ्या जातीची आहे. पहिल्या पाच मिनिटांत आलेले प्रश्न वर जातात, वर असल्याने जास्त लोकांना दिसतात, म्हणून त्यांना आणखी मतं पडतात. व्याख्यानाच्या शेवटी विचारलेला नेमका प्रश्न विसाव्या ओळीत कुजतो. उपाय सोपा आहे: व्याख्यान चालू असताना यादी «ताजे आधी» अशी ठेवायची, मतदान शेवटच्या दहा मिनिटांत उघडायचं, आणि किमान दोन प्रश्न सूत्रसंचालकाने मतं न बघता तळातून उचलायचे.

एका मताची किंमत ०.०४ टक्के, तरी लोक ओरडत का होते

२,५०० जणांत एका पाटीचं वजन ०.०४ टक्के. हिशेबी माणसाने ती खाली ठेवून गंमत बघायला हवी होती. तसं झालं नाही, कारण तीन गोष्टी एकत्र होत्या. नकाशात स्वतःचा ठिपका दिसत होता. परिणाम पापणी लवते न लवते तोच समोर येत होता. आणि तो सगळ्यांचा मिळून एकच होता: चेंडू अडला तर सगळ्यांनी अडवला, सुटला तर सगळ्यांचा सुटला. शिवाय डोळे सगळा वेळ समोर होते, हातातल्या पाटीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

मोबाइलवरच्या मतदानात यांतलं काय उरतं, हे तपासून बघण्यासारखं आहे. स्वतःचा ठिपका नाहीसा होतो, उरते टक्केवारीची पट्टी. परिणाम एकदोन सेकंदांनी येतो, जाळं दमलं असेल तर त्याहून उशिरा. डोळे खाली जातात, आणि मोबाइलवर खाली गेलेले डोळे व्हॉट्सॲपच्या रस्त्याने परत येतात, आले तर. म्हणून मेन्टिमीटर घ्यावं, स्लायडो घ्यावं की कहूट, हा प्रश्न दुय्यम आहे. साधन कुठलंही असो, या तीन गोष्टी मुद्दाम परत घालाव्या लागतात.

पहिला प्रश्न त्यासाठीच वापरायचा. पहिल्या पाच मिनिटांत, चूक-बरोबर नसलेला आणि निकाल चढताना उघडा दिसणारा: «कुठून आलात? कोकण-मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, राज्याबाहेर.» विदर्भाची पट्टी चढली की सभागृहाच्या एका कोपऱ्यातून आवाज येतो. लास व्हेगासच्या ठिपक्याचं काम तो आवाज करतो.

मात्र मत किंवा ज्ञान तपासणारा प्रश्न असेल तर निकाल झाकलेला हवा. ५ काढताना शेजाऱ्याचं बघून पाटी फिरवणं हाच खेळ होता. «ही औषधयोजना तुम्ही वापराल का?» या प्रश्नात शेजाऱ्याचं बघणं म्हणजे निकाल बाटवणं. पट्ट्या चढताना दिसल्या की उशिरा उत्तर देणारे पुढच्या घोड्यावर बसतात. हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गासाठी १९९१ पासूनच घडवलेल्या पद्धतीत हे नेमकं सांभाळलेलं आहे: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, निकाल लगेच दाखवायचा नाही. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा समजावायचा, जास्त असतील तर पुढे जायचं. परिषदेतल्या चाळीस मिनिटांच्या व्याख्यानात असा एक प्रश्न बसतो, ओढूनताणून दोन.

निकाल दाखवताना टक्क्यांबरोबर आकडाही हवा: ६०० पैकी २१० जणांची उत्तरं. नाहीतर ७० टक्के «हो» म्हणजे १४७ माणसं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतल्या «मंजूर, मंजूर»लाही «किती जणांपैकी» हा छेद नसतोच.

६०० खुर्च्यांचं सभागृह, मोबाइल आणि वायफाय

लास व्हेगासच्या मांडणीत ५,००० हात आणि संगणक यांच्यामध्ये फक्त प्रकाश होता. आज मध्ये वायफाय, मोबाइलचं जाळं आणि कुठल्यातरी दूरच्या शहरातला सर्व्हर असतो. एका मताचा डेटा काही किलोबाइट, म्हणजे नगण्य. तरीही सगळं ठप्प होतं ते सगळे एकाच मिनिटात जोडायला जातात तेव्हा.

सर्वांत जास्त वेळा आढळणारा दोष पत्त्यांचा आहे, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक मोबाइलला राउटर जो आयपी क्रमांक देतो त्यांचा. साध्या राउटरच्या नेहमीच्या मांडणीत उपलब्ध पत्ते जास्तीत जास्त २५४, आणि एकदा दिलेला पत्ता बरेचदा २४ तास अडकून राहतो. सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी जोडून बाहेर गेलेले मोबाइलही पत्ते धरून बसलेले असतात. मग पत्ते संपल्यावर आलेल्या माणसाला वायफायची खूण दिसते, पण काहीच उघडत नाही, आणि तो ॲपला शिव्या देतो. सभागृहाच्या तंत्रज्ञाला आठवडाभर आधी लेखी सांगावं: पत्त्यांचा साठा किमान १,०२२ चा (तंत्रज्ञाच्या भाषेत स्लॅश बावीस), मुदत एक तास.

दुसरा दोष हवेतला. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बारा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, तिथे लावले तर ते एकमेकांचाच गळा धरतात. ५ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल, आणि एका पॉइंटमागे ५० ते ६० माणसं धरली तर ६०० ला दहा-बारा पुरतात. माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं, त्यामुळे रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी नेहमी गोड निकाल देते. वीस स्वयंसेवकांचे मोबाइल एकदम जोडून «चालतंय» म्हणणं ही चाचणीच नव्हे.

तिसरा दोष आपल्याकडे खास भेटतो: ओटीपी. भारतात सार्वजनिक वायफायला मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी घालावा लागतो. तळघरातल्या सभागृहात मोबाइलची रेंज नाही, म्हणून वायफाय हवं. आणि वायफायसाठी ओटीपी हवा, जो रेंजशिवाय येत नाही. नोंदणीच्या वेळीच, बाहेर रेंज असताना, जोडणी करून घेणं हा यावरचा व्यवहार्य मार्ग. मतदानाच्या ॲपमध्ये मात्र नाव-क्रमांक मागूच नये. प्रायोजकाला यादी हवी असते, पण त्या एका पायरीवर लोक गळतात, आणि गोळा केलेल्या क्रमांकांची जबाबदारी आयोजकावर येते ती वेगळीच.

क्यूआर कोडचं गणित सरळ आहे. वाचायच्या अंतराचा दहावा भाग एवढी त्याची बाजू हवी. शेवटची रांग २५ मीटरवर असेल तर अडीच मीटरचा कोड, म्हणजे जवळजवळ अख्खा पडदा. वक्त्याच्या स्लाइडच्या कोपऱ्यातला शोभेचा चौकोन पाचव्या रांगेच्या मागे कुणाला वाचता येत नाही. तोच कोड ओळखपत्राच्या मागे किंवा समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तीन-चार सेंटिमीटरचा छापला की प्रश्न मिटतो. कोडमधला वेबपत्ता जितका छोटा, तितके कोडचे चौकोन मोठे आणि वाचन सोपं.

देवनागरी टाइप करून घ्यायच्या «शब्दमेघा»पासून (वर्ड क्लाउड, ज्यात जास्त वेळा आलेला शब्द मोठा दिसतो) शक्यतो लांब राहावं. «पाणी», «पाणि», «पानी» आणि रोमनमधलं पाणी हे चार वेगळे शब्द धरले जातात, आणि सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर चार तुकड्यांत विखरून लहान दिसतं. ठेवायचाच असेल तर एक माणूस फक्त हे तुकडे जोडायला बसवावा. पर्याय देवनागरीत असले तर आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच पडद्यावर «ज्ञ», «र्‍या», «द्ध» फुटत नाहीत ना हे बघून घ्यावं.

घरबसल्या बघणारे असतील तर त्यांना साध्या थेट प्रक्षेपणात १५ ते ३० सेकंद उशिरा दिसतं. सभागृहात वीस सेकंदांत मतदान बंद केलं तर त्यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचायच्या आत ते संपलेलं असतं. त्यांच्यासाठी मतदान मिनिटभर जास्त उघडं ठेवायचं आणि निकाल वेगळा दाखवायचा. एकत्र दाखवायचा हट्ट धरला तर सभागृहाला ते मिनिट ताटकळत काढावं लागतं.

परत पुठ्ठ्याकडे

वरचं सगळं जमणार नसेल तर लाजायचं कारण नाही. हो-नाही प्रश्नांना दुरंगी पुठ्ठा आजही उत्तम चालतो, आणि शेवटच्या क्षणी वायफाय गेलं तर राखीव साधन म्हणून तो हवाच. ए-फाइव्ह आकार, ३०० जीएसएम कागद, एका बाजूला लाल आणि «नाही», दुसऱ्या बाजूला हिरवा आणि «हो». शब्द वगळू नयेत: लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, कुठल्याही मोठ्या सभेत असतातच. खुर्च्यांचे पन्नास-पन्नासचे बारा गट, प्रत्येकाला एक स्वयंसेवक. तो फक्त कमी दिसणारा रंग मोजतो आणि आकडा सांगतो. वर केलेल्या पाट्यांचा मंचावरून मोबाइलने एक फोटो काढला की नंतर वादही उरत नाही. छापील खुणांची कार्डं मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणारं प्लिकर्स हे कार्पेंटरच्या कल्पनेचं भावंड; चार पर्याय देतं आणि प्रेक्षकाकडे काहीच यंत्र लागत नाही. पण त्याचा संच ६३ कार्डांपर्यंतच जातो, म्हणून ते कार्यशाळेच्या खोलीपुरतं ठीक.

पुठ्ठा वापरताना मंचावरच्या प्रकाशयोजनेशी आधी बोलून घ्यावं. हल्ली उद्घाटनाला सभागृहावर जांभळट-गुलाबी एलईडीचा मारा असतो. त्या प्रकाशात हिरवा घटक जवळजवळ नसतोच, त्यामुळे हिरवी पाटी काळपट दिसते, आणि फोटोत तर ओळखूच येत नाही. प्रश्न विचारायच्या आधी प्रेक्षागृहाचे पांढरे दिवे लावायची खूण दिवेवाल्याच्या कार्यक्रमपत्रिकेत, प्रश्नाच्या ओळीसमोरच, लिहून द्यावी.